शेवटच्याने सोडायच्या फिती

कॉरिगन्स फ्लॅट या आमच्या गावात सध्या अशी बातमी आहे की बेरिल हॅडक आपल्या जुन्या परकरांच्या चिंध्या करून रानातल्या झाडांना बांधत सुटली आहे, नवऱ्याच्या भुताला घरची वाट सापडावी म्हणून. बातमीत दोन चुका आहेत. एक तर त्या चिंध्या नाहीत, हार्डवेअरच्या दुकानात रिळावर मिळते ती प्लॅस्टिकची गुलाबी फीत आहे. ती बेरिलला विकणारी मोनाच परकरांची गोष्ट गावभर सांगते, आता बोला! दुसरं म्हणजे नेव्ह हॅडक चर्चच्या मागे पुरलेला आहे आणि बेरिलनं स्वतःच्या हातानं त्याच्यावर माती लोटली आहे. तो कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे.

फिती मात्र ती बांधते, हे खरं. बहात्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा आवळून, मोज्यांना जळवांसाठी मीठ चोळून.

टास्मानियाच्या या पश्चिम अंगाला येऊन सगळे नावाजलेले डोंगर बघतात आणि परत जातात. आमच्या गावामागच्या रानात एक धबधबा आहे, तो कुठल्या नकाशात नाही. गावच्या भटक्यांच्या क्लबानं त्याला 'म्हातारीची वेणी' असं नाव दिलंय. काळ्या कातळावरून पाणी तीन पेडांत उतरतं आणि खाली चहासारख्या तांबूस डोहात मोकळं होतं. वाट नाही. छातीएवढ्या झुडपांतून चार तास घुसत जायचं. जाताना दर वीस पावलांवर फीत बांधायची आणि येताना शेवटच्यानं ती सोडत यायची, म्हणजे परक्याला वेणीचा पत्ता लागू नये. हा क्लबाचा एकमेव नियम. बाकी नियम करायचे ठरले होते, पण त्या सभेत केक फार चांगला होता.

नियमाचा सगळ्यात कडवा भक्त नेव्ह. एकदा क्लबाचा अध्यक्ष क्लाइव्ह गॅरॉड याच्या हातून एक फीत राहिली, तर नेव्ह दुसऱ्या दिवशी आठ तासांची पायपीट करून ती सोडून आला आणि क्लाइव्हच्या फाटकाला बांधून ठेवली. बेरिल म्हणायची, "ह्या माणसानं लग्नाची अंगठी दोनदा हरवली, पण फीत? नाव नको!"

सहा वर्षांपूर्वी, ईस्टरच्या आदल्या आठवड्यात दोघं वेणीवर गेली. डोहाकाठी डबा खाल्ला. परतताना बेरिलचा गुडघा कुरकुरायला लागला.

"तू सावकाश ये," नेव्ह म्हणाला. "मी पुढे जाऊन गाडीपाशी चहा टाकतो."

"आणि फिती?"

"तू शेवटची, तू सोड. आणि नीट सोड, क्लाइव्हसारखी नको."

तो पुढे झाला. बेरिलनं घटकाभर पाय चोळला, उठली आणि एकेक गाठ सोडत निघाली. सोडलेली फीत खिशात. धुकं उतरायला लागलं होतं, पण पुढची गुलाबी खूण दिसत होती आणि मागचं बघायची तिला गरजच नव्हती. ती गाडीशी पोचली तेव्हा दोन्ही खिसे टम्म भरले होते. स्टोव्ह आत मागच्या सीटवरच होता आणि गाडीला कुलूप होतं.

तिला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. झाडामागून निघेल. तिनं त्याला दोन शिव्याही दिल्या, मोठ्यानं. मग हाका मारल्या. मग ती परत आत धावली, आणि शंभर पावलांवर थबकली. पुढे कुठे जायचं ते सांगणारं काही उरलं नव्हतं. जे होतं ते तिच्या खिशात होतं.

नेव्ह तिसऱ्या दिवशी सापडला, दोन खिंडी पलीकडे. थंडीनं गेला होता. त्याच्या कोटाच्या खिशात थर्मासचं झाकण निघालं, बेरिलचं, ती डोहाकाठी विसरलेलं. तेवढ्यासाठी तो अर्ध्या वाटेतून ओढ्याकाठानं माघारी गेला होता. झुडपांत, पाण्याच्या आवाजात, दोघं एकमेकांना ओलांडून गेली असणार.

चौकशीला आलेल्या हवालदाराला बेरिलनं सगळं स्वतः सांगितलं. त्यामुळे गावाला सगळं ठाऊक आहे. पण तिच्यासमोर प्रत्येक जण धुक्यालाच दोष देतो. "काय ते धुकं, बाई!" म्हणतात आणि तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवतात. ती बिस्कीट घेते. ते झाकण तिनं चुलीवरच्या फळीवर ठेवलंय आणि थर्मास झाकणाशिवायच वापरते.

त्या वर्षापासून ती फिती बांधते आणि सोडत नाही. उन्हानं विटल्या की नव्या लावते. यंदा कुणा हिंडत्या जोडप्याला त्या दिसल्या, ते थेट वेणीवर पोचलं, फोटो काढून जगभर पाठवून मोकळं झालं. आता रविवारी गावात अनोळखी गाड्या उभ्या असतात. क्लबाचं पित्त खवळलं. हॉलमध्ये सभा बोलावली, रिवाजाप्रमाणे ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आणला. बेरिलनं लिंबाचा केक आणला होता. कुणी त्याला हात लावला नाही. त्यावरूनच सभेचा रंग कळला.

"बेरिल, तुझ्याबद्दल कुणाचं काही नाही," क्लाइव्ह दाढी खाजवत म्हणाला. "पण तीस वर्षं जपलेली जागा आहे गं ही."

"काल तिथे एकाला बर्म्युडावर पाहिला मी!" मोना म्हणाली. "जळवांची चंगळ."

"ती चड्डी तुझ्याच दुकानातून घेतली असेल त्यानं, मोना," मागून कुणीतरी म्हणालं. थोडं हसू झालं.

"तर रविवारी आपण सगळे जाऊ आणि सगळ्या फिती काढून टाकू," क्लाइव्ह घाईनं म्हणाला. "नियम साधा आहे. शेवटच्यानं सो..."

तो अडखळला. मोनानं आधीच ढवळलेला चहा पुन्हा ढवळायला घेतला. धुक्याचं नाव काढायलाही कुणाला सुचेना.

बेरिल उठली. तिनं सुरी घेतली, केकचा तुकडा कापला, क्लाइव्हच्या बशीत ठेवला. मग म्हणाली:

"सोडा की, क्लाइव्ह. फक्त त्याआधी माणसं मोजा. मला दोनच मोजायची होती, तीही मी मोजली नाहीत."