आमच्या गल्लीत कोणी आजारी नव्हतं

तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता. बचत गटाची अध्यक्ष, काखेत पर्स, पर्समध्ये नुसती सुपारी, आणि चाल अशी की जैनथची बससुद्धा माझ्यासाठी थांबावी. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी तिच्याकडून भाजीसुद्धा घेणार नाही.

दर पावसाळ्यात गावाला हगवण लागायची. त्या वर्षी पंचायतीनं ठरवलं, सगळ्या गावानं एकत्र बसून वर्षभराचा आराखडा करायचा. कोणतं काम आधी, कोणतं मागून, ते गावच ठरवणार आणि कागद दुपारच्या बसनं जैनथला, मंडलाच्या कचेरीत जाणार. नर्सबाई तेलुगू, पण इतकी वर्षं आमच्यात राहून आमच्यापेक्षा ठसक्यात बोलायच्या. त्यांनी शाळेच्या पटांगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. प्रत्येक घरच्या बाईनं आपल्या घरावर दाणे टाकायचे, ज्वारीचा दाणा तापाचा, तुरीचा हगवणीचा. जिथं तूर जास्त, तिथली पाइपलाइन आधी.

इतकं सोपं होतं. पण मी होते ना!

आमची गल्ली नळाच्या शेवटाला. पाणी वर चढत नसे, म्हणून दारादारात खड्डा खोदून नळ खाली कापलेला. माझा खड्डा सगळ्यांत खोल, कमरेइतका. पाहुण्यांनासुद्धा मी तो कौतुकानं दाखवायची. नर्सबाई म्हणायच्या, नळ बंद झाला की खड्ड्यातलं घाण पाणी उलटं पाइपात शिरतं. म्हणजे आमच्यावर तूर पडली की पहिल्यांदा खड्डे बुजणार, आणि नवी पाइप येईपर्यंत नळ कोरडा. आदल्या संध्याकाळी मी गल्लीतल्या चौघींना दारात बोलावून बजावलं, "उद्या आपल्या गल्लीत तुरीचा एक दाना पडला नाई पायजे. पडला तर माह्याशी गाठ हाय."

आणि सभेच्या दिवशी पहाटेपासून माझीच सून आडवी पडली. सातवा महिना. उलट्या, जुलाब. मी तिला मीठ-साखरेचं पाणी दिलं, शेजारच्या जावेला जवळ बसवलं आणि इस्त्रीचं लुगडं नेसून निघाले.

"बाई, नर्सबाईले सांगू का?" जाऊ म्हणाली.

"सभा झाल्यावर मीच सांगतो. आता कायले बोंबलता?"

पटांगणात नदीकडच्या गल्लीवर तुरीचे ढीग पडले. आमची गल्ली कोरी. नर्सबाईंनी नकाशाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काऊन हो आई, तुमच्याइकडं कोनालेच काई नाई?"

"आमच्या बाया स्वच्छ राह्यतात."

नदीकडची एक म्हातारी लगेच म्हणाली, "व्हय तं, त्यायचे पोटं पितळंचे हायत."

सगळे हसले. मीही हसले, पण कान रस्त्याकडं. थोड्या वेळानं जाऊ फाटकात येऊन उभी राहिली आणि हातानं खूण केली. मी डोळ्यांनी तिला थांबवलं. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, त्यातल्या बऱ्याचशावर हसू येतं. त्या खुणेवर येत नाही.

सरपंचांनी कामं लिहून काढली. पहिलं नदीकडचं, शेवटचं आमचं. जाऊ पुन्हा आली, या वेळी थेट माझ्या कानाशी. "उभं राहता येऊन नाई राह्यलं तिले. सकायपासून लघवी नाई. पोटातलं हालून नाई राह्यलं म्हनते."

तेवढ्यात सरपंचांनी पेन पुढं केलं. "महिलांतर्फे दस्तखत करा, वहिनी."

मी सही केली. वर रेघ ओढून सुबक केली. मग नर्सबाईंजवळ जाऊन गोड आवाजात म्हणाले, "जरा घरी येता का? चहाले."

"चहा राहू द्या आई, कागद घेऊन बस गाठाची हाय."

"पाच मिंटं. नुसता घोटभर."

"सांगितलं ना, उद्या."

कागदाची घडी झाली. नर्सबाईंनी चप्पल पायात घातली. मी पर्स उघडून सुपारी शोधू लागले. सगळं गाव समोर, आणि मी स्वच्छ गल्लीची अध्यक्ष. तेव्हा माझी ती गरीब जाऊ, जी कधी माझ्यापुढं तोंड उघडत नसे, पटांगणाच्या मधोमध ओरडली, "चहा गेला चुलीत! सून मरून राह्यली हिची!"

नर्सबाई नकाशावरूनच पळाल्या. मी मागं, लुगडं गोळा करत.

सुनेच्या ओठांना पापुद्रे आले होते. नर्सबाईंनी हाताची कातडी चिमटीत उचलली. ती तशीच उभी राहिली. सलाईन लावताना त्यांनी मला एकच विचारलं, "कधीपासून?"

"पहाटेपासून," मी म्हणाले.

त्यांनी फोन काढून अँबुलन्स बोलावली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अँबुलन्स आली ती खड्ड्यांपुढं अडली. दारापर्यंत येईना. माझ्या कौतुकाच्या खड्ड्यावर फळी टाकून सुनेला चौघांनी खाटेवर उचलून नेलं. आदिलाबादपर्यंत नर्सबाई बाटली धरून उभ्या होत्या, आणि मी सुनेचे पाय धरून. थंड पाय.

दवाखान्यात डॉक्टरीण पोटावर यंत्र सरकवत राहिली. एका जागी, दुसऱ्या जागी. मग पुन्हा पहिल्या. मी छताचा पंखा पाहत होते, त्याची पातीसुद्धा मोजली. किती होती ते मात्र आठवत नाही. मग यंत्रातून टकटक ऐकू आली, भराभर. डॉक्टरीण तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि नर्सबाई मटकन स्टुलावर बसल्या.

"हाय," त्या म्हणाल्या. "दोघंही हायत."

मी रडायला लागले. तेही मोठ्यानं, लोकांनी बघावं असं. काय सांगू, सवय.

सुनेनं डोळे न उघडता हाक मारली, "आत्याबाई."

"बोल माय."

"कोपऱ्यावरच्या घरची लेक कालपासून अशीच हाय. अन् तिच्या शेजारची म्हातारीबी. तुमच्या भेवानं नाई बोलल्या त्या. सांगितलं का तुमी?"

नव्हतं सांगितलं. मी पदरानं नाक पुसलं आणि उठले. नर्सबाई दारात फोन हातात धरून उभ्या होत्या. त्यांना मी आमच्या गल्लीतली पाचही घरं एकेक करून सांगितली. कोण आजारी, कधीपासून, आणि कोणाचा खड्डा किती खोल.

सुरुवात माझ्या घरापासून केली.