नववा खांब

"पुढच्या खांबापर्यंत पळा साहेब, मग खुशाल मरा!"

एवढं म्हणून काका विजेच्या खांबावर थाप मारायचे. खोटं वाटेल, पण त्या थापेनं कॅनॉल रोडवरची झाडून सगळी कुत्री उठून बसायची, आणि मी उठून पळायचो.

डॉक्टरांनी साखरेचा आकडा सांगितल्यावर मी बूट घेतले आणि फोनमध्ये नऊ आठवड्यांचा धावण्याचा कार्यक्रम भरला. एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला. पहिल्या दिवशी माझं पोट माझ्याआधी खांबापाशी पोचलं. जीव मागच्याच खांबाला टेकून बसला. तिसऱ्या दिवशी मी कॅनॉलच्या कठड्यावर बसून बूट कुणाला द्यावेत याचा विचार करत होतो, तेवढ्यात फोनमधली बाई म्हणाली, "गुड जॉब!"

"काय म्हणती ओ ही?" मागून आवाज आला.

"शाब्बास म्हणतेय."

"बसल्या माणसाला?"

हेच काका. सत्तरीचे, काडीसारखे, डोक्याला मफलर, पायात रबरी चप्पल. मूळचे घोटीकडचे. इगतपुरीच्या घाटात रेल्वेचे रूळ तपासत चालण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. तेवढ्या चालण्यात माणूस चंद्रावर जाऊन, चहा पिऊन परत आला असता. आता माझ्या घरापासून अठरा खांबांवर, लेकीकडे राहत होते.

दुसऱ्या आठवड्यात मी दोनदा दांडी मारली. काका थेट दारात.

"घाटात पावसाळ्यात दोन टोकांनी दोन गडी निघायचे. मधी भेटायचं, वह्या बदलायच्या, माघारी फिरायचं. उद्यापासून आपलं बी तसंच. नवव्या खांबाला पंचा बदलायचा."

"आणि मी आलोच नाही तर?"

"तर मी माघारी नाय फिरायचा. पुढंच येणार. समोरचा आला नाय म्हंजी त्याला कायतरी झालं आसल. नियमच हाय."

सत्तरीचा माणूस चपला फटफटवत दारापर्यंत येईल, या धाकानं मी रोज उठू लागलो. चौथ्या आठवड्यात पाच खांब सलग जमले. उरलेले चार रडतखडत. घरी मी नऊच सांगायचो. माझा नॅपकिन काकांकडे जायचा, त्यांचा पंचा माझ्या घरी यायचा. त्या पंच्याला तंबाखूचा असा वास, की बायको तो चिमट्यानं उचलून वाळत घालायची.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी नवव्या खांबाला कुणीच नव्हतं.

मी थांबलो. समोर सरळ, रिकामा रस्ता. खांबावर थाप मारून पाहिली. मग पुढं निघालो. दहावा. अकरावा. तुम्ही म्हणाल, आता हा फेकणार की मी वाऱ्यासारखा सुटलो. नाही हो. बैलगाडीसारखा धावलो, पण थांबलो नाही. फोनमधली बाई 'चाला, चाला' म्हणून दमली.

अठराव्या खांबापाशी, लेकीच्या दारात चपलांचा ढीग होता. रबरी जोड तेवढा बाजूला, नीट लावलेला.

"पहाटे उठले, मफलर बांधला आणि खुर्चीत बसले," लेक म्हणाली. "ते उठलेच नाहीत. हा तुमचा ना?"

माझा नॅपकिन. चार घड्या घातलेला. मी तो घेतला आणि त्यांचा पंचा त्यांच्या उशाशी ठेवला. बदलायचा नियम होता.

नऊ आठवडे कधीच संपले. अजून रोज निघतो. नवव्या खांबाला थाप मारतो, कुत्री माना वर करतात, आणि आम्ही सगळेच जरा वेळ रस्त्याकडे बघत राहतो. समोरचा आलेला नसतो. मग माघारी कसं फिरणार? मी पुढं जातो.