उन्हात वाळवलेला कणा

घरी जोडायच्या छोट्या लाकडी जहाजाचं खोकं उघडलं आणि पहिला तुकडा हाताला लागला तोच वाकडा निघाला. तोही साधासुधा तुकडा नाही, जहाजाचा कणा. नाकापासून शेपटापर्यंत एकच सपाट फळी असते. तिच्यावर फासळ्या बसतात आणि फासळ्यांवर बाहेरच्या पट्ट्या. कणा वाकडा म्हणजे अख्खं जहाज वाकडं. मी तो शहाबादी फरशीवर ठेवून पाहिला, तर मधोमध खालून काडेपेटी आरपार जाईल एवढी फट.

विकणाऱ्याला फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, लाकूड नैसर्गिक असतं, थोडंफार होणारच." माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "बाई, आमच्याकडं बाभळही नैसर्गिकच असते, म्हणून आम्ही वाकड्या दांड्याची कुऱ्हाड विकत नाही." तिनं हे ऐकून घेतलं आणि बदलून द्यायला महिना लागेल असं सांगितलं. महिना माझ्याकडं होता. आईच्या पायांकडं नव्हता.

ते पायांचं प्रकरण आधी सांगतो. मी जहाजावर फिटर आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या आमच्या गावातून समुद्रावर गेलेला पहिला माणूस, आणि गावाच्या मते पहिला वेडाही. मागच्या खेपेला आमचं जहाज एका परक्या बंदराबाहेर अडकून पडलं. मालकानं हात वर केले, उतरायची परवानगी मिळेना, प्यायचं पाणी मोजून मिळायला लागलं. फोन कधी लागायचा, कधी नाही. इकडं आईनं सोनारीच्या भैरवनाथाला नवस केला. लेक सुखरूप आला तर त्याच्या हातानं केलेलं लाकडाचं जहाज वाहीन, आणि ते वाहीपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. आमच्याकडं मूल झालं की देवाला पाळणा वाहतात, डोळे बरे झाले की चांदीचे डोळे. जहाजातून माणूस सुटला तर जहाज वाहायचं, यात तिला काही वावगं वाटलं नाही.

मी घरी आलो तेव्हा थंडी होती. खोकं येईपर्यंत होळी होऊन गेली आणि ऊन पेटलं. ती तशीच रानात जायची, तशीच बाजारात. टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की संध्याकाळी दारात बसून ती त्यांत मेण वितळवून भरायची. मला ते बघवायचं नाही, आणि खरं सांगतो, कीव यायची नाही, राग यायचा. अडकलो होतो मी, सुटलो मी. मधल्या मधे हिनं स्वतःचे पाय कुणाला विचारून पणाला लावले?

"तयार जहाज विकत आणतो," मी म्हणालो. "चांगलं मोठं. तुझा नवसही फिटेल."

"नवस बोलला त्यो बोलला," ती म्हणाली. "तुज्याच हातचं पायजे."

त्यातच कंपनीचा निरोप आला की नवीन जहाज तयार आहे, पावसाळ्याआधी हजर व्हा. मी आईला सांगितलं, तुझं जहाज वाहिलं की मी निघणार. ती नुसतं "व्हय" म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

वाकडं पातळ लाकूड सरळ करायची रीत अवघड नाही, फक्त तिला धीर लागतो. दोन्ही बाजू सारख्या भिजवायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून दोन सपाट फरशांच्या मधे ठेवायचं, वर वजन द्यायचं आणि सावलीत हळूहळू वाळू द्यायचं. घाई केली की जी बाजू आधी वाळते ती आखडते आणि लाकडाला आपल्याकडं ओढते. मी कणा आणि बाक आलेल्या फासळ्या अशा दाबून वर जात्याची तळी ठेवली, तिच्यावर ज्वारीचा डबा. आईला बजावलं, "याला हात लावू नको." मग धाराशिवला प्रवासाचं सामान आणायला गेलो. तिथं मऊ तळाच्या चपला दिसल्या, त्याही तिच्यासाठी घेतल्या.

परत आलो तर डबा चुलीजवळ आणि तळी भिंतीला टेकवलेली. मी जिना चढून गच्चीवर गेलो. जुन्या लुगड्यावर कुरडया घातलेल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी ओळीनं माझा कणा आणि माझ्या फासळ्या.

ओलं दिसलं की उन्हात टाकायचं, हे आमच्याकडच्या बायकांच्या हाडात आहे. गहू धुतले की उन्हात, गोधडी धुतली की उन्हात, लोणच्याची बरणी उन्हात, आणि न्हाऊ घातलेलं पोरगंही उन्हात. माझं जहाज त्यातून कसं सुटणार? कणा आता नुसता वाकला नव्हता, पिळला होता. एक टोक उगवतीला बघत होतं आणि दुसरं मावळतीला. फासळ्यांच्या कडा पापडासारख्या वर आल्या होत्या.

"कुणी सांगितलं होतं तुला?" माझा आवाज शेजारच्या गच्चीपर्यंत गेला असणार, कारण तिथली बाई वाळवण सोडून खाली गेली.

"दगडाखाली वलं फडकं व्हतं, बाबा," आई कुरडई उलटत म्हणाली. "बुरशी धरली असती. लाकडाला कीड लागती."

"बुरशी धरली असती तर पुसली असती मी. आता हे काय देवाला वाहू?"

गच्चीची फरशी तव्यासारखी तापली होती, आणि आई एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत होती, मग तो उचलून पहिल्यावर. ते पाहून माझा राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला.

"हे जहाज व्हावं असं तुला वाटतच नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, कुरडयांची पाटी डोक्यावर घेतली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर घरात आमच्या दोघांचं बोलणं जेवणापुरतं राहिलं. मी कुरडयांचा चीक शिजवायचं मोठं पातेलं घेतलं, त्यात पाणी उकळलं आणि कणा वाफेवर मऊ केला. पीळ काढायचा तर लाकूड थोडं उलट्या बाजूला पिळून बांधून ठेवावं लागतं, म्हणजे सोडल्यावर ते मागं येऊन मधे थांबतं. किती उलटं पिळायचं हे कुणी सांगू शकत नाही. पहिल्यांदा कमी पडलं. पुढं जास्त झालं. एक फासळी बोटांत मोडली तेव्हा मी स्टुलाला अशी लाथ घातली की त्याचा पाय निखळला आणि माझा अंगठा सुजला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी कण्याकडं बघून म्हणायचो. आई ऐकायची. उंबऱ्यात बसून ती पातेल्याजवळ आलेल्या कोंबड्या हाकलायची, पण लाकडाला तिनं परत बोट लावलं नाही.

कणा सरळ झाला, म्हणजे जेवढा व्हायचा तेवढा झाला. फासळ्या चढल्या, पट्ट्या बसल्या, वरून पॉलिश दिलं. टेबलावर ठेवलं की जहाज डावीकडं किंचित कलायचं. मी आणखी एकदा सगळं उचकटणार होतो, पण आईच्या टाचेतून रक्त आलेलं दिसलं आणि म्हणालो, चल, उद्याच जाऊ.

परंड्यापर्यंत एसटी, पुढं काळीपिवळी. जहाज लुगड्यात गुंडाळून आईनं मांडीवर घेतलं होतं. देवळातल्या पुजाऱ्यानं ते हातात घेऊन डोळ्यासमोर धरलं.

"डावीकडं कलतंय की जरा, मावशी."

"पाण्यावर समदीच कलत्यात," आई म्हणाली. "माज्या लेकानं केलंय."

त्यानं ते पाळण्यांच्या शेजारी टांगलं. आई बराच वेळ हात जोडून, ओठ हलवत उभी राहिली. मला वाटलं, आभार मानते आहे.

बाहेर आल्यावर मी पिशवीतून चपला काढल्या आणि तिच्या पायांपुढं ठेवल्या. तिनं वाकून त्या उचलल्या, तळ दाबून पाहिला, रिकाम्या लुगड्यात नीट गुंडाळल्या आणि काखेत धरल्या.

"घाल की," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. तू आल्यावर घालीन."

"नवस फिटला ना आई?"

"त्यो फिटला. आता आत दुसरा बोलले. तू चाललायस न्हवं?"

मी देवळाच्या पायरीवर उभा राहून तिच्यावर ओरडलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण नारळवाला आणि दर्शनाला आलेली माणसं आमच्याकडं बघत होती एवढं आठवतं. तिनं मला पुरतं बोलू दिलं.

"ह्या टायमाला जहाज सरळ कर," ती म्हणाली. "म्या हात लावनार न्हाय."

आणि ती चालायला लागली. दुपार झाली होती, रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. ती कडेच्या मातीतून चालत होती, काखेत नव्या चपला. मी माझ्या चपला पायात घालून तिच्या मागं निघालो.