फळीची खालची बाजू

देवाजी मिस्त्री पहिल्यांदा आमच्या घरी आले ते खाट दुरुस्त करायला. बसा म्हटलं तर बसले नाहीत. आधी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "भाऊ, लाकूड सरईचं आहे, पण ओलं बसवलं. दुसऱ्या पावसाळ्यात दार अडकते की नाही पाहा." चौकट नवऱ्यानं स्वतः पसंत केलेली. त्याला राग आला. दुसऱ्या पावसाळ्यात दार अडकलं. खांदा लावल्याशिवाय उघडेना. तेव्हापासून नवरा मिस्त्रींना मानायला लागला, पण तोंडावर कधी बोलला नाही.

मिस्त्री सगळंच वाजवून पाहत. भोपळा, टरबूज, दुसऱ्याच्या घरची पेटी. एका लग्नात जेवणाची पंगत बसली असताना ते मांडवाचे खांब वाजवत फिरत होते, आणि नवऱ्या मुलाचा मामा त्यांच्या मागे मागे, की हा माणूस काय शोधून राहिला.

रांझी वस्तीत त्यांची शेड होती. काम एकच, जुन्या गाड्यांच्या डाल्यांना, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या हौद्यांना, लाकडी तळ बसवायचा. आमच्याकडे लष्कराच्या गाड्यांचा कारखाना, त्यामुळे जुन्या गाड्या लिलावात घेऊन वापरणारे लोकही पुष्कळ. इंजिन चालायचं, पण मागच्या डाल्याचा तळ कुजलेला असायचा. गाडी दारात आली की मिस्त्री मालकाला आधी विचारत, काय वाहणार? भेडाघाटचा दगड वाहणाऱ्याला सरई, मटार वाहणाऱ्याला बीजा, आणि ज्याला नुसतं मिरवायचं त्याला साग. मटारचा एक व्यापारी स्वस्तात आंब्याच्या फळ्या मागत होता. त्याला म्हणाले, "आंबा खायचा असते, भैया. त्याच्यावर बसायचं नसते." गिऱ्हाईक गेलं. मिस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही.

नवरा वारल्यावर मी त्यांच्याकडे कामाला लागले. शेजारच्या बायका म्हणाल्या, सुताराकडे काहून जाते? मी म्हटलं, तुमच्याकडे भांडी घासण्यापेक्षा बरं. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली, मिस्त्रींची मुळीच नाही. म्हणून फळी वाळत घातली की तिच्या खालच्या अंगावर गेरूनं महिना आणि साल लिहायचं काम माझं. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे शेडमध्ये काढल्याशिवाय ते फळीला रंधा लावत नसत.

दुसरं काम तेलाचं. जवसाचं तेल कढवायचं, कोमट झालं की फडक्यानं जिरवायचं. तीन हात, आणि मधे एकेक दिवस वाळू द्यायचं. वरून, खालून आणि दोन्ही टोकांना. टोकांकडे त्यांचं फार लक्ष. "गाय तोंडानं पाणी पिते, वहिनी, अन् लाकूड टोकानं," असं म्हणत. मी नवी होते तेव्हा विचारलं होतं, खालची बाजू तर गाडीखाली जाते, तिला तीन हात कशाला? तर म्हणाले, "दिसते ते गिऱ्हाइकाचं. दिसत नाही ते आपलं." तेलाचं फडकं फिरलं की माझा गेरू पुसला जायचा. अक्षर पुसलं म्हणजे खालून तेल लागलं, एवढी ती खूण होती. पण मिस्त्रींनी माझं काम कधी उलटून पाहिलं नाही.

त्यांचा मुलगा किशोर वेल्डिंग शिकला होता. लोक आता डाल्याला लोखंडी पत्र्याची चादर टाकून घेत. चादरीचं काम दोन दिवसांत होतं आणि ती वाजवून पाहावी लागत नाही. किशोर म्हणे, बाबूजी, शेड मला द्या. बाबूजी म्हणत, पुढच्या वर्षी. असं करत करत शेडमध्ये महिनोन् महिने गाडी येईना.

मग सिविल लाइंसमधले एक साहेब आले. त्यांना जुन्या गाड्यांचा शौक. बंगल्याच्या आवारात पाच गाड्या उभ्या, त्यांतली एक छोटी पिकअप, फार जुनी. तिला जसा पूर्वी होता तसा सागाचा तळ हवा होता. हा पसंत पडला तर बाकीच्या चारही गाड्या तुमच्याच, असं ते म्हणाले. किशोरनं त्या दिवशी बापाला सरळ सांगितलं, की चार गाड्या आल्या तर शेड लाकडाची, नाही आल्या तर माझी. मिस्त्री बरं म्हणाले.

नऊ फळ्या लागणार होत्या. त्या निवडायला त्यांनी चार दिवस घेतले. सगळ्यांत देखणी फळी शेवटच्या दिवशी बाजूला काढली. मी विचारलं, हिला काय झालं? म्हणाले, "दिसायला नवरी आहे, पण आतून बोलून नाही राहिली." उरलेल्या नऊ वरच्या अंगानं रंधून माझ्याकडे दिल्या.

वैशाखाचे दिवस होते. सागाच्या त्या जाड फळ्या एकटीनं उलटायच्या. पाठ दुखत होती हे खरं, पण पाठ रोजच दुखायची. साहेबाचा ड्रायव्हर दोनदा येऊन विचारून गेला होता. मी वरून तीन हात दिले, टोकांना दिले, आणि खालची बाजू तशीच सोडली. खालून कोण पाहतो, असं मला वाटलं. मिस्त्रींनी विचारलं, खाली झालं? मी म्हटलं, झालं. त्यांनी फळ्या बसवल्या, मधे लोखंडी पट्ट्या टाकल्या. साहेब त्यावर हात फिरवत राहिले. आम्हाला बंगल्यात खुर्चीवर बसवून चहा दिला. बाकीच्या गाड्या पावसाळ्यानंतर पाठवतो म्हणाले. परत येताना मिस्त्री ऑटोच्या दांडीवर टकटक करून हसत होते. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

भादव्यात निरोप आला. गाडी झाडाखाली उभी होती, खाली चिखल, गवत. नऊच्या नऊ फळ्या वाकल्या होत्या. कडा वर आलेल्या, मधे पन्हाळीसारखं पाणी साचलेलं, पट्ट्यांचे बोल्ट उपटलेले. मिस्त्रींनी पोतं मागून घेतलं, चिखलात अंथरलं आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. मी वाकून पाहिलं. सांगाड्याच्या मधून माझं अक्षर स्वच्छ दिसत होतं. चैत्र, आणि पुढे साल. एका फळीवरही पुसलेलं नाही. त्यांना वाचता येत नव्हतं, पण न पुसलेला गेरू म्हणजे काय हे त्यांना वाचल्याशिवाय कळत होतं. त्यांनी एका फळीवर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

बाहेर आले तेव्हा साहेब उभेच होते. मिस्त्री त्यांना म्हणाले, "लकड़ी गीली थी, साहब. मेरा कान धोखा खा गया."

साहेब चांगला माणूस. म्हणाले, "कोई बात नहीं, मिस्त्रीजी, उम्र हो गई. अब चादर डलवा लेंगे."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. लाकूड कोरडं होतं, कान बरोबर होता, खोट माझी होती, एवढंच सांगायचं होतं. साहेबांनी कदाचित आणखी एक संधी दिली असती. मी पदर नीट केला आणि मिस्त्रींच्या मागे चालायला लागले.

चार गाड्या दुसरीकडे गेल्या. दिवाळीच्या आत किशोरनं शेडमध्ये वेल्डिंगचं मशीन बसवलं. मिस्त्री शेडच्या बाहेर खाट टाकून बसत. ज्यांनी दहा-दहा वर्षं त्यांच्याकडून काम करून घेतलं तेही आता म्हणत, म्हाताऱ्याचा कान गेला. पुढच्या उन्हाळ्यात सुनेनं टरबूज समोर धरलं, की बाबूजी, पाहा बरं, पिकलं का. त्यांनी ते हातात घेतलं आणि परत दिलं. म्हणाले, कापून पाहा. मी तिथंच बसले होते. सुनेला विळी मीच आणून दिली.

दोन वर्षांनी त्यांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून घरी पाठवलं होतं. मी भेटायला गेले ती यावेळी सांगायचंच असं ठरवून. त्यांनी मला पाहिलं, छातीवर पेरानं टकटक केलं आणि म्हणाले, "ओलं वाजून राहिलं, वहिनी." मी म्हटलं, मिस्त्री, मला एक सांगायचं आहे. ते मग म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे. दुरून दिसते." आणि भिंतीकडे वळले. ते मला सोडत होते की धरून ठेवत होते, हे मी विचारायला हवं होतं. चौथ्या दिवशी त्यांना ग्वारीघाटच्या स्मशानात नेलं.

साहेबानं परत पाठवलेल्या फळ्या शेडमागे पडून होत्या. किशोरनं त्या चिता रचायला काढल्या, तेव्हा मी एक मागून घेतली. ती माझ्या खोलीत भिंतीला उभी आहे, लिहिलेली बाजू बाहेर. जवसाचं तेल घरात असतं. फळीला लावलेलं नाही.