वाघमोडे सरांचं गवत

स्टाफरूममधल्या वाघमोडे सरांच्या खुर्चीत दुसरं कोणी बसत नसे. मानापोटी नव्हे, भीतीपोटी. सरांच्या पँटला, मोज्यांना, कधी शर्टाच्या बाहीलाही गवताची कुसळं चिकटलेली असायची आणि त्यातली निम्मी त्या खुर्चीच्या गादीत मुक्कामाला राहायची. जालन्याबाहेरच्या त्या कॉलेजात मी रुजू झालो तेव्हा हे मला कोणी सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी नेमका त्या खुर्चीत बसलो आणि ताडकन उठलो. कोपऱ्यात जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये काहीतरी दाबत बसलेले एक उंच, काळेसावळे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "कुसळी हाये ती. घाबरू नका. मेंढीच्या कातड्यात शिरती. माणसाला नुसती टोचती."

ही आमची ओळख. मी वाणिज्य शिकवणारा, ते वनस्पतिशास्त्र. दोघांच्या विषयांत काडीचा संबंध नव्हता, म्हणूनच बहुधा आमचं जमलं.

कॉलेजची वेबसाइट तयार होत होती तेव्हाची गोष्ट. प्रत्येक प्राध्यापकाला आपल्या संशोधनाचे विषय लिहून द्यायचे होते. आमच्यातल्या एकेकाने जागतिकीकरणापासून शाश्वत विकासापर्यंत जे दिसेल ते स्वतःच्या नावावर टाकलं. मीही मागे राहिलो नाही. वाघमोडे सरांनी एकच शब्द लिहिला. गवत. ऑफिसातला क्लार्क कागद घेऊन परत आला. "सर, कायतरी मोठं लिवा की. बाकीच्यांचं बघा, पान भरलंय." सर म्हणाले, "त्यांचं पान भरलंय, माझा जल्म भरलाय. जाऊ द्या तसंच."

ते केदारखेड्याकडचे. वडील मेंढपाळ. सर शाळेला सुट्टी लागली की कळपामागे जायचे आणि मेंढरं कोणत्या गवताला तोंड लावतात, कोणतं नुसतं हुंगून सोडतात, ते बघत बसायचे. पुढे शिकले, पीएच.डी. झाले, पण बघणं तेच राहिलं. "बाप मेंढ्यामागं गेला, मी गवतामागं गेल्तो. फरक एवढाच की त्याला संध्याकाळी घरी यावंच लागायचं," असं ते हसत म्हणायचे. पुढचं वाक्य मात्र गिळायचे. पत्नी वारल्या होत्या, मुलगा पुण्यात नोकरीला होता, आणि घरी लवकर येण्याचं काही कारण उरलं नव्हतं.

शिकवणं मात्र झकास. मी एकदा त्यांच्या वर्गाच्या दारात उभं राहून ऐकलं. "भाकर कशाची खाता?" त्यांनी विचारलं. "ज्वारीची," पोरं म्हणाली. "ज्वारी म्हंजे काय? गवत! बाजरी गवत. गहू गवत. ऊस गवत. तुमच्या ताटात गवत, गुळात गवत, अन् गुरांकडं बघून हसता व्हय?" वर्ग हसला. मग मागून प्रश्न आला, "सर, हे परीक्षेला हाये का?" सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "न्हाई." तासाला पुढे काही अर्थ राहिला नाही.

पोरांचं तरी काय चुकत होतं? शेजारी एमआयडीसीत बियाण्यांचे प्लँट. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली की तिथे चिकटायचं, हा सरळ रस्ता. सरांना पीएच.डी.ला मार्गदर्शन करण्याची मान्यता होती, पण गवतावर काम करायला एकही विद्यार्थी आला नाही. एकजण चौकशीपुरता आला होता. "सर, यात पुढं काय स्कोप हाये?" सरांनी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं, "बिलकुल न्हाई." तो चहा पिऊन गेला. मी सरांना रागावलो, म्हटलं, थोडं गोड बोलायला काय जातं? ते म्हणाले, "खोटं बोलून आणलेलं पोरगं गवतात टिकत न्हाई, सर."

सर एकटे होते. बायको गेल्याचं एकटेपण लोकांना कळायचं, त्यासाठी लोक सणावाराला डबा पाठवायचे. पण दुसरं एक एकटेपण होतं. ज्या गोष्टीवर जीव आहे तिच्याबद्दल दोन वाक्यं बोलायला अख्ख्या जिल्ह्यात माणूस नसणं. त्यावर डब्याचा उपाय नव्हता. मग ते मला सांगत. मी ऐकत असे आणि निम्मं मला कळत नसे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

असंच एकदा त्यांनी मला प्रयोगशाळेच्या मागे नेलं. कंपाउंडची भिंत आणि नाला यांच्यामध्ये जमिनीचा एक अरुंद पट्टा होता. तिथे ते गुडघ्यांवर बसले, एक काडी बोटांत धरली आणि भिंग माझ्या हातात दिलं. "हे मारवेल गवतासारखं दिसतं, पण मारवेल न्हाई. मला जिल्ह्यात दुसरीकडं कुठंच घावलं न्हाई." मी भिंगातून पाहिलं. केसाळ काहीतरी होतं. गवताची जात पक्की करायची तर त्याचा तुरा पिकून दाणा भरावा लागतो, हे त्यांनी मला समजावलं. इथे कधी भिंतीच्या भगदाडातून शेळ्या यायच्या, कधी पाऊस दगा द्यायचा. दक्षिणेत कुठे तरी गवतांचे एक म्हातारे जाणकार होते, त्यांनी कळवलं होतं: पिकलेला तुरा पाठवा, मग बोलू. "नवीन निघालं तर?" मी विचारलं. सर लाजले. "निघालं तर निघालं. न्हाई तर न्हाई. पर काय हाये ते कळंल तरी."

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी पाऊस वेळेवर झाला. सरांनी भगदाड दगडांनी बुजवलं, पट्ट्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. सप्टेंबर संपताना ते निवृत्त होणार होते. तुरा बाहेर पडला होता. "आणखी आठ-दहा दिस," ते म्हणाले. "निवृत्त झालो तरी येऊन घेऊन जाईन. कोण अडवतंय?" इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

निरोप समारंभ त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आपल्याकडे घेतला. म्होरक्या गजानन, आता बियाण्याच्या प्लँटमध्ये मॅनेजर. सरांवर त्याचा खरा जीव. समारंभाच्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा पुढच्या मैदानात मांडव होता आणि जेवणाच्या पंगतीची सोय प्रयोगशाळेच्या मागे केली होती. मी धावत मागे गेलो. गजानन सरांचा हात धरून त्यांना तिकडेच घेऊन येत होता.

"सर, बघा, मागलं समदं साफ करून घेतलं. प्लँटवरून गवत कापायचं मशीन आणल्तं, चार माणसं लावली. काय जंगल झाल्तं! कोणी येड्यानं मधी काटे बी टाकल्ते. म्हटलं, आपल्या सरांच्या कार्यक्रमाला घाण नको."

सरांनी त्या उघड्या जमिनीकडे पाहिलं. चुन्याची रेघ मारली होती, टेबलं मांडली होती. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी गजाननच्या खांद्यावर हात ठेवला. "चांगलं केलं रे," ते म्हणाले. "लई मेहनत घेतली."

मग शाल, श्रीफळ, भाषणं. गजानन माईकवर म्हणाला, सरांनी आम्हाला गवतसुद्धा माणसासारखं बघायला शिकवलं. टाळ्या पडल्या. सरांनी उत्तरादाखल सगळ्यांचे आभार मानले, मशीन चालवणाऱ्यांचेही.

लोक पंगतीकडे वळले तेव्हा सर दिसेनात. नाल्याच्या काठाला कापलेल्या गवताचा ढीग लोटला होता, तिथे ते खांद्यावरच्या शालीसकट बसून एकेक मूठ उचलून बघत होते. मशीनने सगळ्याचा भुगा केला होता. मी शेजारी बसलो, पण काय शोधायचं ते मला नीट माहीत नव्हतं.

"सर, काय हरवलं?" गजानन धावत आला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "चावी," ते म्हणाले. "घराची चावी पडली वाटतं."

झालं! गजाननने हाक मारली आणि सगळे धावले. मॅनेजर, सुपरवायझर, दोन शिक्षक, त्यांच्या बायकाही. इस्त्रीच्या कपड्यांनिशी सगळे त्या ढिगाभोवती बसले आणि मूठ मूठ गवत पाखडून बाजूला टाकू लागले. इतकी माणसं गवताभोवती त्या कॉलेजात कधी बसली नव्हती. सर मध्यभागी होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून चावी काढून वर धरली. "घावली रे बाबांनो. चला, जेवण थंड होऊन राह्यलं."

महिन्याभरात ते पुण्याला मुलाकडे गेले. पाठोपाठ गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि प्रवास बंद झाला. जाताना म्हणाले होते, दाणा भरायच्या आतच कापलं गेलं, पण मागल्या सालचं एखादं बी मातीत असलं तर असलं. त्या पट्ट्याला पुढच्या पावसाळ्यात कोणालाही हात लावू द्यायचा नाही, हे मी प्राचार्यांकडून कबूल करून घेतलं. भाद्रपदात सरांचा फोन आला. मी मोबाइलवर पाठवलेल्या फोटोंत त्यांना नुसतं हिरवं दिसलं होतं, म्हणून मी पट्ट्यातच जाऊन उभा राहिलो.

"सर, गुडघ्याएवढं आलंय," मी म्हणालो. "सगळीकडे दाट."

"कोणतं?" त्यांनी विचारलं.

मी खाली वाकलो. एक काडी धरली, दुसरी धरली. सगळ्या मला सारख्याच दिसल्या. "सर," मी म्हणालो, "मला सांगता येत नाही."

 मग ते अगदी मायेने म्हणाले, "बराबर हाये. तुम्हाला कसं कळंल?" आणि जरा थांबून, "जेवण झालं का?"

"झालं, सर," मी म्हणालो.