निघणाऱ्याचा डबा

हिरा, मी दौंड सोडलं त्या दिवशी तू प्लॅटफॉर्मवर माझ्या खिडकीपाशी उभी होतीस. एका हातानं गज धरला होतास आणि दुसऱ्या हातानं पिशवीतला डबा आत सरकवत होतीस. गज अरुंद, डबा मोठा. शेवटी आडवा करून कसाबसा घातलास, तेव्हा चटणीचं तेल तुझ्या बाहीवर सांडलं. मी म्हणाले, "अगं, मुंबईत सचिन भेटणार, तिथनं विमान. विमानात जेवायला देतात म्हणे." तू म्हणालीस, "देऊ द्या की. आपल्या गावातनं माणूस रिकाम्या हातानं गेलं असं व्हायला नको, वहिनी." गाडी हलली. तू दोन-चार पावलं चाललीस आणि थांबलीस. तुझ्या बाहीवरचा तो तेलाचा डाग मला अजून दिसतो. तुझं तोंड मात्र तेव्हा नीट बघितलंच नाही मी.

इकडं परदेशात येऊन दोन वर्षं झाली. सचिन फोनवर तुला सांगतो, आई मजेत हाय. मजेतच आहे मी. घर उबदार आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे, डॉक्टर नावानं हाक मारतो. पण सकाळी सात वाजता सचिन आणि सूनबाई कामाला गेली की संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडातनं शब्द निघत नाही. परवा दुपारी मिक्सरशी बोलले. "काय रे बाबा, तुला काय झालं आता," म्हणाले, आणि माझाच आवाज ऐकून दचकले.

आज लिहायचं कारण गेल्या महिन्यातला एक रविवार. इतक्या वर्षांची शेजारीण तू, तो तुलाच सांगायला हवा, दुसऱ्या कुणाला तो कळायचा नाही.

इथं मला एक मैत्रीण मिळाली होती. कौसल्याबाई, आपल्या कारेगावच्या. त्यांचा मुलगा आधी तिथल्याच कंपनीत होता, मग इकडं आला. बाई सहा महिन्यांसाठी मुलाकडं आल्या होत्या. भाजीच्या दुकानात मिरच्या एकेक वाकवून बघत होत्या आणि स्वतःशी पुटपुटत होत्या, "ह्यात जीव न्हाई बया, रंगच नुसता." मी मागं उभी. म्हणाले, "तिखट पाहिजे असेल तर ती बारकी घ्या." अशा वळल्या, जणू पाठीमागनं भिंत बोलली. मग काय विचारतेस! आमच्या दोन घरांच्या मधे ट्रामचा पाऊण तासाचा रस्ता, पण आठवड्यातनं तीन दिवस मी जायची नाहीतर त्या यायच्या. तळेगाव ढमढेऱ्याचा बाजार, माझं माहेर, त्यांच्या म्हशी, सगळं बोलून झालं की पुन्हा पहिल्यापासून बोलायचो.

त्यांचं परत जायचं तिकीट त्या रविवारचं निघालं. विमान संध्याकाळी. दुपारी दोनला घरातनं निघणार होत्या. मी ठरवलं, डबा न्यायचा. तुला काय सांगू, आपण दौंडची माणसं. पुण्याहून नगरकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन आपल्याकडं काढायचं आणि दुसऱ्या टोकाला जोडायचं, त्यात मिळायचा तेवढा वेळ आपला. माझी मनमाडची बहीण लग्नानंतर माझ्या घरी चार वेळा आली असेल, पण खिडकीत किती वेळा भेटली त्याला मोजदाद नाही. तेवढ्यात बाळ बघायचं, रडायचं, डबा द्यायचा. आता म्हणे बाहेरनं नवी लाइन झालीय, पुष्कळ गाड्या गावात येतच नाहीत. मग बहिणी कुठं भेटतात गं?

तर शनिवारी मी दुधातल्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, कोरडं पिठलं केलं. सचिन बघून म्हणाला, "आई, उद्या शहरात मोर्चा हाय. ट्राम बंद ऱ्हातील. काकूंशी फोनवर बोल."

"मोर्चा हाय हे तुला आजच कसं कळलं?"

"आठवडाभर चिकटवलंय की स्टॉपवर. किती वाजता निघणार, कुठनं जाणार, सगळं."

मला हसू आलं. आपल्याकडं शिरूरच्या रस्त्यावर जीप थांबली आणि पुढचा माणूस खाली उतरून तंबाखू मळायला लागला की समजायचं, रास्ता रोको. इथं मोर्चालासुद्धा टाइमटेबल. म्हटलं, इतकं ठरवून करतात तर आपल्यापुरती वाट ठेवली असेलच. रविवारी सचिनची ड्यूटी, सूनबाई बाहेर. दहाला मी निघाले. फडक्यात डबा, डोक्याला रुमाल.

ट्राम शहराच्या अलीकडंच एका स्टॉपवर थांबली. वरनं इंग्रजीत काहीतरी सांगितलं. सगळी माणसं उतरायला लागली. ड्रायव्हर बाई आपली पिशवी घेऊन पुढच्या टोकाकडनं चालत मागच्या टोकाला गेली आणि तिथं बसली. मी मनात म्हटलं, हां! इंजिन बदलतंय.

आणि मी बसून राहिले, हिरा. निवांत. नवखं माणूस दौंडला कसं घाबरायचं, आठवतं? गाडी उलटी चालली म्हणून बोचकी घेऊन दाराकडं पळायचं आणि आपण खालनं ओरडायचो, "बसा, बसा! बरोबर जातीय!" मालकांनी सगळं आयुष्य शंटिंगला, इंजिनं काढण्या-जोडण्यात काढलं. त्यांची बायको का घाबरेल? एक म्हातारी चिनी बाई काठी टेकत उठली, तिलासुद्धा मी हातानं खुणावलं, बसा म्हणून. तिनं माझ्याकडं बघितलं आणि उतरून गेली. एका पोरीनं दारातनं मला हात केला, या म्हणून. मी नुसती हसले. म्हटलं, हिला काय ठाऊक.

ट्राम निघाली. मी डबा मांडीवर घट्ट धरून बसले, आता वळेल, मग वळेल म्हणून. मग औषधाचं दुकान गेलं. पेट्रोल पंप गेला. आणि आमचाच स्टॉप आला, जिथनं मी चढले होते तो.

सगळ्या डब्यात मी एकटी. मला पहिल्यांदा कळलं की इथं गाडी उलटी फिरली तर ती खरंच माघारी जाते.

उतरले. पलीकडं जाऊन पुन्हा उलट ट्रामची वाट बघितली. सुट्टीचा दिवस, तीही लवकर येईना. कौसल्याबाईंना फोन लावला तर लागेना, त्यांनी इथलं सिमकार्ड आधीच काढून ठेवलेलं, हे मागनं कळलं. त्यांच्या घरातला दुसरा नंबर माझ्याकडं नव्हता, कधी लागलाच नव्हता. ट्राम आली, पुन्हा त्याच जागी थांबली, आणि या वेळी मी सगळ्यांच्या आधी उतरले. साडेअकरा वाजून गेले होते.

पुढचा रस्ता मला पायी ठाऊक नव्हता. पण मालक सांगायचे, वाट चुकलीस तर रूळ सोडू नको, रूळ कुठंतरी स्टेशनाला जातोच. मी ट्रामचा रूळ धरला. थोडं गेल्यावर मोर्चा आला, नव्हे, मीच मोर्चात गेले. हजार माणसं असतील, जास्तही असतील. घरभाडी वाढली म्हणून होता म्हणे. मला पाट्या वाचता येत नाहीत, मी मराठी वाचायला शिकले तेच चुरमुऱ्याच्या पुड्यांच्या कागदावर. कडेनं पोलीस घोड्यावर. मधे बाबागाड्या, कुत्री, ढोल. सगळे घोषणा देतात आणि मी सगळ्यांच्या मधोमध रुळावरनं चाललेय, काखेत डबा. एकानं माझा फोटो काढला. त्याला वाटलं असेल, बघा, ही म्हातारीसुद्धा आली.

तुला खरं सांगू? इतक्या माणसांत मी दौंड सोडल्यापासून नव्हते. दोन्ही बाजूंनी खांद्याला खांदा लागत होता. कुणीतरी मला पाण्याची बाटली दिली. आणि तरी मला इतकं एकटं वाटलं, की आता इथं मी खाली बसले तर ही सगळी माणसं भली आहेत, उचलतील, पण कुणाची म्हणून विचारतील तर मी काय सांगू, असं मनात आलं. पाय चालवला. दोनच्या आत पोचायचं, एवढंच धरलं.

एक वाजून पाच मिनिटांनी मी कौसल्याबाईंच्या दारात होते. घंटा वाजवली. त्यांच्या सुनेनं दार उघडलं, प्रणाली, शिरूरची पोरगी. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही? अहो, आई अकरालाच गेल्या. रस्ते बंद होणार म्हणून हे लवकर घेऊन गेले त्यांना."

मी दारातच उभी. मी डबा पुढं केला आणि मला वाटलं, हा आता कुणाला देतेय मी?

"थांबा, तुमचं हाय काहीतरी," म्हणून ती आत गेली आणि माझा स्टीलचा डबा घेऊन आली. गेल्या आठवड्यात मी त्यातनं मेथीची भाजी नेली होती. उघडला तर आत साखर. गडबडीत निघताना दुसरं काही सापडलं नसेल बाईंना, पण रिकामा परत दिला नाही.

तिथं मात्र मला रडू आलं. त्या पोरीनं मला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. घर चिडीचूप होतं. खुंटीला कौसल्याबाईंचा चालायला जातानाचा स्वेटर तसाच होता. "न्यायचा राहिला?" मी विचारलं.

"नको म्हणाल्या. कारेगावात काय करू ह्याला म्हणाल्या." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "हे विमानतळावरच अडकलेत अजून."

"तू जेवलीस का गं?"

"खाईन काहीतरी."

"सकाळपासनं?"

"आईंचा डबा भरला, ह्यांचं केलं." मग हसली बिचारी. "माझं कुणी विचारलंच न्हाई, काकू. गाडी निघाली, मी दार लावलं, आन् तवापासनं हितंच बसलेय."

मी फडकं सोडलं. दशम्या नीट राहिल्या होत्या, मोर्चात दाबून जरा चपट्या झालेल्या एवढंच. पिठलं वाढलं, चटणीवर तेल घातलं. म्हटलं, "बस." ती पहिला घास खाऊन थांबली. "आईंच्या हातची अशीच असते," म्हणाली आणि खात राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. खिडकीखालनं मोर्चाचं शेपूट चाललं होतं, ढोल लांब लांब जात होता. आम्ही दोघींनी सगळा डबा संपवला. हिरा, एक तुकडासुद्धा ठेवला नाही.

आता दर रविवारी मी तिच्याकडं जाते. ती बोलते कमी, पण जेवते नीट.

तेव्हापासनं माझ्या मनात एकच घोळतंय. निघणाऱ्याला डबा द्यायचा हे आईनं शिकवलं, सासूनं शिकवलं, गावानं शिकवलं. मागं राहणाऱ्याला द्यायचा हे कुणी सांगितलंच नाही. मी इतकी वर्षं प्लॅटफॉर्मवरनं रिकामी पिशवी घेऊन घरी गेले आणि मलाही कुणी विचारलं नाही. मग मी निघाले तर तुला विचारायला मीही विसरले.

घर कुठलं तुमचं, असं इथं कुणी विचारलं की सचिन इथला पत्ता सांगतो. मी मनात दौंड म्हणते. पण दौंड म्हणजे माझं कुलूप लावलेलं घर नव्हे, ते आता डोळ्यांपुढं धड येतही नाही. दौंड म्हणजे गाडी गेल्यावर मोकळ्या प्लॅटफॉर्मवरनं परत जाणारी तू, बाहीवर तेलाचा डाग घेऊन.

हिरा, त्या दिवशी घरी जाऊन तू काय जेवलीस गं? तेवढं मला कळव.