पांढऱ्या भांड्यातलं रक्त

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मला चाळिसावं लागलं होतं. त्या साली मुरगूडच्या घरामागं मी संडास बांधला आणि त्यात पांढरं भांडं बसवलं. तोवर सारा जन्म उजाडायच्या आत डबा घेऊन शेताकडच्या पांदीला जाण्यात गेला होता. अंधारात कोण कशाला खाली बघतंय?

त्या भांड्यात रक्त दिसलं. लालभडक, थेंब थेंब. दुखत काहीच नव्हतं. पण आबा आठवले. आबा, म्हणजे माझे वडील, असेच गेले होते. रक्त पडतंय हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. धिप्पाड माणूस वाळून काठी झाला, मग कळलं.

मी दोष दिला भांड्याला. गवंड्याला गाठून म्हणालो, "तुझ्या भांड्यानं मला कापलंय."

"अण्णा, भांडं काय चावतंय व्हय?" चारचौघांत हसला की तो.

त्याच्याशी बोलणं टाकलं आणि पुन्हा पांदीला जायला लागलो. दिसायचं नाही म्हणजे नाही, असा माझा हट्ट. पण डोक्यातनं जाईना. गुऱ्हाळावर रस आटवायच्या चुलवाणापुढं बसलं की वाटायचं, आपला हा शेवटचा हंगाम. जेवता जेवता मनगटाला बोटांचा वेढा घालून बघायचो, आबांसारखं वाळलं का.

बायको टोचायची, "संडास काय कोंबड्यांसाठी बांधलासा?"

एका दुपारी ती माझं धोतर घेऊन पुढ्यात उभी राहिली. "मामंजींची धोतरं अखेरीला म्याच धुतल्यात. रगताचा डाग माझ्या वळखीचा हाय. उठा."

डॉक्टरनं कुशीवर निजवलं, हातात रबरी मोजा चढवला, मग एक लहान नळी घालून बघितलं. जन्मात कुणापुढं वाकलो नव्हतो. भिंतीकडं तोंड करून दात आवळले.

"मूळव्याध दिसत्या," तो म्हणाला. "कुंथायचं बंद. पाणी भरपूर प्या, पालेभाजी खावा, रात्री इसबगोल घ्या. कोमट पाण्याच्या घमेल्यात बसत जावा."

"म्हंजे आबांचं न्हाय न्हवं हे?" मी उठून बसत विचारलं.

त्यानं मोजा काढून ठेवला. "त्यांचं रक्त कसं पडायचं?"

"काळपट. सगळ्या घाणीत कालवल्यागत," बायकोनंच सांगितलं.

"मग त्यांचं येगळं असंल. पण मूळव्याध हाय म्हणून वर आतड्यात काही न्हाय, असं मी म्हणणार न्हाय. घरात एकदा झालंय. कोल्हापूरला थोरल्या दवाखान्यात वरपर्यंत बघून घ्या. आणि रोज खाली बघत जावा. काळं पडलं, लई पडलं, चक्कर आली, तर तसंच उठून निघायचं."

त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा जागेवरच ठेवला. चांगलं उजाडू दिलं. उजेड यावा म्हणून संडासाचं दार अर्धं उघडं ठेवून बसलो आणि उठल्यावर खाली बघितलं. लालच होतं. पाणी ओतलं आणि बायकोला हाक मारली, "धुतल्यालं धोतर काढ. कोल्हापूरची एस्टी गाठायची हाय. तूबी चल."